प्रेमदेवीला तिकीट मिळालं

पोस्टाच्या तिकिटावर यायचं असेल तर आधी मरावं लागतं. आपल्याकडे हा नियम सगळ्यांना मान्य आहे आणि मेलेल्यांपैकी कुणी त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. अपवाद अगदी थोडे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १९५८ रोजी शंभर वर्षांचे झाले आणि त्यांचं तिकीट निघालं. हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. महर्षींची प्रकृती इतकी ठणठणीत होती, की वाट पाहून शेवटी पोस्टखातंच थकलं असावं. पुढे २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर तिकिटावर आला, तोही जिवंतपणी. पण तो निवृत्त होत होता आणि त्या आठवड्यात घरोघरी जे सुतकी वातावरण होतं ते पाहता नियम मोडला असं म्हणवत नाही.

बाकीच्यांसाठी रस्ता ठरलेला. आधी जा, मग थांबा, जन्मशताब्दी येऊ द्या, नातवंडांनी समिती काढावी, समितीने निवेदन द्यावं, निवेदनाचं पुढे काय झालं ते विचारायला आणखी एक समिती काढावी.

म्हणून सायप्रसच्या पोस्टखात्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. १९७९ साली त्यांनी अ‍ॅफ्रोडायटीवर स्मारक तिकिटं काढली. अ‍ॅफ्रोडायटी म्हणजे ग्रीकांची प्रेमाची आणि सौंदर्याची देवी, रोमन लोकांची व्हीनस. आता स्मारक म्हटलं की निमित्त लागतं. जन्माला शंभर वर्षं, मृत्यूला पन्नास, संस्थेची पंचाहत्तरी, काहीच नसेल तर एखाद्या धरणाचं उद्घाटन. या बाईंना जन्मतारीख नाही, आणि मरण तर देवांच्या सेवाशर्तींतच बसत नाही. तरी तिकिटं निघाली, आणि १९८२ मध्ये पुन्हा निघाली. मधल्या तीन वर्षांत तिच्या आयुष्यात मुद्दाम स्मरण करण्याजोगं काही घडलं होतं असंही नाही.

तिचा अर्ज कुणा कारकुनाच्या टेबलावर आला असता तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला आवडतं.

पहिलाच रकाना, वडिलांचं नाव. हेसिअड नावाच्या ग्रीक कवीने सांगितलेली हकिगत अशी, की क्रोनस या चिरंजीवाने आईच्या सांगण्यावरून बापावर, म्हणजे युरेनसवर, विळा चालवला आणि कापलेला अवयव समुद्रात भिरकावून दिला. त्याभोवती पांढरा फेस जमला आणि त्या फेसातून ही देवी वर आली. कोणता अवयव, हे कारकुनाने चष्मा पुसून दोनदा वाचलं असतं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना न दाखवता फाइल उलटी ठेवली असती. आईच्या नावापुढे तो ‘लागू नाही’ असं लिहिणार, एवढ्यात होमर आडवा येतो. होमरच्या हिशेबात ती झ्यूस आणि डायोनी यांची रीतसर मुलगी. दोन कवी, दोन जन्मदाखले. असल्या प्रकरणात आपल्याकडे गॅझेटमध्ये जाहिरात द्यावी लागते.

पतीचं नाव हिफेस्टस, व्यवसाय लोहारकाम, एका पायाने अधू, स्वभाव कष्टाळू. इथपर्यंत ठीक. पण वर्तणुकीच्या दाखल्याचं काय? युद्धदेव एरीजशी तिचं प्रकरण होतं आणि ते सूर्याने पाहिलं. सूर्याला वरून सगळंच दिसतं, चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं काम तिकडे तो करतो. नवऱ्याने बिछान्यावर न दिसणारी जाळी बसवली, दोघांना त्यात रंगेहाथ पकडलं आणि पंच म्हणून सगळ्या देवांना बोलावून घेतलं. देव आले आणि खो खो हसले. देवींनी मात्र लाजेखातर घरी राहणं पसंत केलं. या सगळ्यात हिफेस्टसने केलेली मागणी फार ओळखीची आहे: मुलीसाठी मी सासऱ्याला जे जे दिलं ते सगळं परत करा. समुद्रदेव पोसायडनने मध्ये पडून एरीजच्या दंडाची हमी घेतली तेव्हा कुठे जाळी सुटली. ओडिसीच्या आठव्या सर्गात हे सगळं तपशिलाने आहे. आणि सुटल्याबरोबर बाई गेल्या कुठे? तर सरळ माहेरी. सायप्रस बेटावर, पाफोसला. तिथे तिला न्हाऊ-माखू घालून, सुगंधी तेल लावून, नवी वस्त्रं नेसवण्यात आली. माहेरची माणसं काही विचारत नाहीत.

अर्जात ‘इतर उल्लेखनीय कामगिरी’ असाही रकाना असणारच. सौंदर्यस्पर्धेत पहिली. परीक्षक ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस. त्याला लाच दिली, हे खरं, पण हीरा आणि अथेना या स्पर्धेतल्या दुसऱ्या दोन देवींनीही देऊ केली होती. एकीने राज्य, दुसरीने युद्धात विजय. हिने जगातली सर्वांत सुंदर स्त्री देऊ केली. ती दुसऱ्याची बायको आहे हा बारीक मुद्दा तेव्हा कुणी काढला नाही. परिणाम, ट्रॉयचं दहा वर्षं चाललेलं युद्ध. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे निवडणुकीचं तिकीट सहज मिळतं, पोस्टाचं मिळालं असतं की नाही याची शंका आहे.

तर सायप्रसने ते दिलं, कारण माहेर. पाफोसजवळ किनाऱ्याला लागून समुद्रात पेत्रा तू रोमियू नावाचा मोठा खडक आहे. देवी तिथेच पाण्याबाहेर आली असं बेटावर सांगतात, पर्यटकांच्या बसेस थांबतात, आणि खडकाला पोहून फेरी मारली की सौंदर्य लाभतं म्हणून मंडळी उड्या टाकतात. पाणी तिथे खवळलेलं असतं. सौंदर्यासाठी माणूस याहून महाग उपाय करतो, हा निदान फुकट आहे.

पण माहेरीसुद्धा तिची पाळी यायला बराच काळ गेला. सायप्रसचा कारभार १८७८ साली इंग्रजांकडे आला आणि १८८० मध्ये तिथे पहिली तिकिटं आली. ती मुद्दाम छापलेली नव्हती. इंग्लंडचीच तिकिटं, त्यांवर ‘सायप्रस’ असा ठसा मारलेला. म्हणजे प्रेमदेवीच्या बेटावर पहिला चेहरा अवतरला तो महाराणी व्हिक्टोरियाचा. स्त्री-पुरुषांनी कसं वागावं याबद्दल या दोघींची गाठ पडली असती तर चहा होण्याआधीच एक उठून गेली असती. पुढे एडवर्ड, जॉर्ज, आणखी एक जॉर्ज, एलिझाबेथ, असं १९६० पर्यंत राजघराण्याने देवीला दबकून राहायला लावलं.

मध्ये एक संधी आली होती. १९२८ मध्ये इंग्रजी अमलाला पन्नास वर्षं झाली म्हणून सायप्रसने खास मालिका काढली. बेटाचा इतिहास, बेटाची माणसं, असा थाट. प्राचीन काळातला कोण निवडला? झेनो! किटियमचा झेनो, स्टोइक पंथाचा संस्थापक, भावनांना लगाम घाला, मन हलू देऊ नका, असं शिकवणारा. बेटाने जगाला दोन मोठी नावं दिली, एक प्रेमाची देवी आणि एक प्रेमात न पडण्याचा गुरू. आणि सरकारी समितीने बैठक घेऊन गुरूला पसंती दिली. सरकारी समित्यांची मला असलेली थोडीफार ओळख सांगते की ठराव एकमताने झाला असणार.

खुद्द ग्रीसची तऱ्हा फार वेगळी नाही. १८६१ मध्ये त्यांनी पहिली तिकिटं काढली ती हर्मीसच्या मुखवट्याची. हर्मीस हा देवांचा निरोप्या, पायात पंखांच्या वहाणा. योग्य माणूस योग्य खात्यात नेमल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण सरकारी इतिहासात दुसरं सापडायचं नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी बारा तिकिटं निघाली, त्यांत मुष्टियोद्धे, थाळीफेक्या, रथ, अथेना, विजयदेवता, पुन्हा हर्मीस. आपल्या देवीचं नाव नाही. १९८६ मध्ये ऑलिंपसवरच्या देवांची मालिका निघाली तेव्हा ती आली, बारा जणांच्या कुटुंबाच्या फोटोत सगळ्यांना घ्यावंच लागतं म्हणून. खरं तर हर्मीस आणि तिचं एक मूलही होतं, आईबापांची नावं जोडूनच त्याचं नाव ठेवलं होतं. प्रकरण खात्यांतर्गत असल्याने पोस्टाने ते वाढवलं नसावं.

१९७९ च्या तिकिटाकडे येऊ. देवी निवडली, आता तिचा फोटो कुठून आणायचा? माहेरच्या देवळात जावं तर तिथे भलतीच पंचाईत. पाफोसजवळ आज कुक्लिया नावाचं गाव आहे, तिथे तिचं सर्वांत मानाचं देऊळ होतं. भूमध्य समुद्राच्या कानाकोपऱ्यांतून भाविक यायचे. गाभाऱ्यात मात्र डोळे, केस, कमनीय बांधा, काहीही नाही. होता एक काळसर, वर निमुळता होत गेलेला दगड. आपल्याकडे गावाबाहेरच्या देवीचा तांदळा असतो तसा. तीच अ‍ॅफ्रोडायटी, तिलाच तेल आणि धूप. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय की इथे देवीला मानवी रूप नाही, आणि का नाही ते कळत नाही. दगड आज तिथल्या संग्रहालयात आहे. मी त्याचं छायाचित्र बराच वेळ पाहिलं. अंगावर कसलीही कारागिरी नाही, चेहऱ्याची सूचनासुद्धा नाही. ज्यांच्या घरी ती खरोखर राहायची त्यांना ती कशी दिसते हा प्रश्नच पडलेला नव्हता. मला ही गोष्ट सगळ्या संगमरवरी पुतळ्यांपेक्षा मोठी वाटते. पण प्रेमदेवी म्हणून तिकिटावर दगड छापायला जी छाती लागते ती कुठल्याच पोस्टखात्याकडे नसते.

मग नेहमीचा उपाय केला गेला, बोत्तिचेल्ली. फ्लॉरेन्सच्या या चित्रकाराने सुमारे १४८५ मध्ये ‘व्हीनसचा जन्म’ रंगवला. शिंपल्यात उभी, वाऱ्यावर केस, एक हात छातीशी, आणि उरलेली अब्रू लांबसडक केसांच्या हवाली. चित्रकाराने स्वतःच इतकी काळजी घेतलेली असली की पोस्टमास्तरला काही झाकावं लागत नाही. या चित्राच्या टपाली लोकप्रियतेचं अर्धं रहस्य मला इथेच दिसतं. नीट पाहिलं तर मान बेताहून लांब आहे, आणि डावा खांदा इतका उतरता की पदर म्हणून राहायचा नाही. पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, यालाच सौंदर्य म्हणत असावेत. मूळ चित्र जवळजवळ पावणेतीन मीटर रुंद. ते बोटाच्या दोन पेरांत बसवायचं, कडेला किंमत छापायची, आणि ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी अशा तीन भाषांत देशाचं नाव द्यायचं. तीन भाषांचा दंडक १९६० च्या स्वातंत्र्यापासूनचा.

त्या तीन भाषांपाशी थोडं थांबायला हवं. १९७४ मध्ये बेटाचे दोन तुकडे झाले. आधी सत्तापालट, मग तुर्की फौजा. ग्रीक दक्षिणेला, तुर्क उत्तरेला, मधोमध काटेरी तार. लाखाहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. तिकिटावर मात्र दोन्ही भाषा पूर्वीसारख्याच शेजारी शेजारी छापल्या जात राहिल्या. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने दहा मिल्सचं एक छोटं जादा तिकीट सक्तीचं केलं, निर्वासितांच्या मदतीसाठी. १९७७ पासून त्यावर काटेरी तारेपाशी बसलेलं एक मूल असतं. ते लावल्याशिवाय पत्र पुढे जात नाही. व्यापारी पत्र असो, लग्नपत्रिका असो, प्रेमपत्र असो. म्हणजे १९७९ मध्ये सायप्रसमधल्या एखाद्या तरुणाने हौसेने देवीचं तिकीट लावून कुणाला चार ओळी पाठवल्या असतील, तर त्याच पाकिटावर तिच्या शेजारी हे मूलही चिकटवावं लागलं असणार. चार पैशांचा तो कागद आहे, पण प्रेम आणि युद्ध यांच्या भानगडीबद्दल त्या पाकिटाने जेवढं सांगितलं तेवढं ओडिसीच्या आठव्या सर्गाने नाही.

तिकिटावर आल्यावर देवीचं जे होतं ते तिने अर्ज करताना वाचलं नसणार. आधी पाठीला डिंक. मग कुणीतरी ती पाठ जिभेने चाटणार. आपल्या पोस्टात ही वेळ सहसा येत नाही, कारण चाटून काही चिकटत नाही. खिडकीशेजारी डिंकाची बाटली असते, तोंडाशी पिवळी साय धरलेली, आत ब्रशऐवजी काडी, आणि टेबलाच्या त्या एका हातभर जागेला गेल्या कित्येक वर्षांतल्या सगळ्या पत्रांचा चिकटा. ती काडी फिरवून आपण पाकीट दाबून धरतो, पाकीट सोडतं, बोट सोडत नाही. एवढ्यातून देवी निभावली तर पुढे शिक्का. एक ठोका शाईच्या पॅडवर, एक तिकिटावर, एक पॅडवर, एक तिकिटावर. मारणारा वर पाहतही नाही. इलियडमध्ये डायोमीडीस नावाच्या योद्ध्याच्या भाल्याने हिच्या हाताला खरचटलं तेव्हा ती रडत आईच्या मांडीवर जाऊन पडली होती आणि झ्यूसने, पोरी लढाई हे तुझं काम नाही, असं हसून समजावलं होतं. शिक्का भाल्याहून वाईट. तो बरोबर तोंडावर बसतो आणि त्यात तारीख असते. जिला आजवर एकही तारीख नव्हती तिला अखेर तारीख मिळते ती अशी.

आता बाजारात तिला मिळालेली किंमत. इथे फसवणूक बरीच आहे. साठच्या दशकात आखातातल्या छोट्या अमिरातींशी परदेशी व्यापाऱ्यांनी करार केले, तिकिटं आम्ही छापतो, तुम्ही नाव द्या. अजमानचा करार १९६४ चा, फिनबार केनी नावाच्या अमेरिकन माणसाशी. पत्रं लिहिणारी माणसं तिथे मूठभर, तिकिटं मात्र ढिगाने. आणि पोरं काय विकत घेतील याचा केनीसाहेबांच्या धंद्याला नेमका अंदाज होता. जगातल्या थोर चित्रकारांनी काढलेल्या वस्त्रहीन देवींना अजमानच्या पोस्टाने उदार आश्रय दिला. आमच्या शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात जगभरच्या तिकिटांची पारदर्शक पाकिटं मिळत. त्यांत दोन हंगेरी, एक पोलंडचं विमान, आणि अगदी पुढे, बाहेरून दिसेल असं, अजमानचं एक तिकीट. भूगोलाची गोडी वाढावी म्हणून पालक पैसे देत. भूगोल वाढलाही. अजमान नकाशात कुठे आहे हे आमच्या वर्गातल्या तीस मुलांना ठाऊक होतं, यवतमाळ कुठे हे विचारलं तर खिडकीबाहेर पाहत. शिक्के छापखान्यातच मारलेले असत, डिंक तसाच शाबूत, म्हणजे त्या देवींनी एकही पत्र कधी कुठे पोचवलं नव्हतं. १९३० मध्ये स्पेनने गोयाची ‘वस्त्रहीन माहा’ तिकिटावर आणली तेव्हा ती लावलेली पत्रं अमेरिकेने परत पाठवली असं सांगतात. आमच्या वर्गशिक्षकांनी अल्बम जप्त केला, तो काही परत पाठवला नाही.

मोठेपणी कळलं की खरे संग्राहक यातलं काही पाहतच नाहीत. प्रेमदेवी हाती लागली की हे लोक पहिली तिला पालथी करतात. पाठीचा डिंक मूळचा आहे का, कुणी कधी हिंज, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी, लावली होती का, त्याचा डाग उरलाय का. मग कडेची दातरी मोजतात. एक दात तुटका निघाला की चेहऱ्याकडे न पाहता बाजूला. बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. आणि सर्वांत जास्त भाव कुणाला? जी कधी वापरली नाही, जिला कुणाची जीभ लागली नाही, जी कुणाकडून कुणाकडे गेली नाही, तिला. अशा तऱ्हेने प्रेमदेवतेचं लग्न कडकडीत ब्रह्मचाऱ्यांशी लागलेलं आहे आणि दोन्ही पक्ष खूश आहेत.

विषयवार संग्रह करणाऱ्यांचं आणखी निराळं. बोत्तिचेल्लीचं हे चित्र कितीतरी देशांनी तिकिटावर घेतलंय, त्यामुळे ती पुराणकथांच्या डब्यात सापडते, चित्रकलेच्या डब्यात सापडते, आणि तिसरा डबा दुकानदार गिऱ्हाइकाचं वय पाहून काढतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मात्र तिला चौथ्या डब्यात ठेवतात. निवृत्त माणूस, रत्नागिरीकडचे, त्यांचा विषय शंख-शिंपले. कवड्या, तिसऱ्या, कालवं, खुबे, ज्या ज्या देशाने तिकिटावर घेतले ते सगळे त्यांच्याकडे आहेत. अल्बममध्ये बोत्तिचेल्लीचं पान त्यांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, “बघा कसा काढलाय. एकेक धार मोजून घ्या.” मी भिंग वर नेलं तर त्यांनी माझं मनगट धरून खाली आणलं. मग तक्रार सुरू झाली. काही देश चित्र कमरेवर कापतात, कुठे नुसता चेहराच घेतात, इटलीने तर दहा सेंटच्या युरो नाण्यावर हिचं फक्त डोकं ठेवलंय. “म्हणजे नेमकं बघण्यासारखं तेवढं गाळायचं!” ते म्हणाले. मी म्हटलं, निदान या तिकिटात तरी शिंपला सबंध आलाय. त्यांनी पान जवळ ओढून पुन्हा पाहिलं. “सबंध कुठला? मधोमध ही उभी. वीतभर बाजूला सरकली असती तर बिजागरी दिसली असती.”